डावीकडचा आवाज

"तुला बी येत न्हाय व्हय?"

एप्रिलमधली गोष्ट. तासगावात बेदाण्याचा हंगाम जोरात असला की हिशेब उरकून सांगलीला घरी पोचायला मला साडेनऊ-दहा होतात. त्या रात्री दार ढकललं तर पुढच्या खोलीत दिवा नव्हता, नुसता टीव्हीचा उजेड. पडद्यावर कीर्तन रंगात आलेलं. बुवा पुढं वाकून हात नाचवत काहीतरी सांगत होते, मागचे टाळकरी पावलं टाकत होते, पखवाजाच्या शाईवर बोटं पडत होती. आणि खोलीत आवाज फक्त पंख्याचा. आप्पा, माझे वडील, खुर्चीत ताठ बसून मांडीवर ठेका धरत होते, टाळकऱ्यांची पावलं बघून. मला वाटलं, रात्र झाली म्हणून शेजाऱ्यांसाठी आवाज बंद केला असेल. म्हणून विचारलं, "आप्पा, आवाज का बंद केलाय?" त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि मग त्यांनी जे विचारलं ते वर लिहिलंय.

दोन दिवस. दोन दिवस त्यांना वाटत होतं की आपले कान गेले.

आई भाचीच्या लग्नाला कराडला गेलेली. मी सकाळी आठला बाहेर पडणारा. आदल्या आठवड्यात वळीव सुरू झाला होता आणि परवा संध्याकाळी विजांचा कडकडाट होऊन तासभर लाइट गेली होती. लाइट आल्यावर आप्पांनी टीव्ही लावला, चित्र आलं, आवाज नाही. त्यांनी रिमोटवरचं बटण दाबत नेलं, पडद्यावरची पट्टी शंभरावर जाऊन थांबली. तरी नाही. मी म्हटलं, "पण माझं बोलणं येत होतं की तुम्हाला. मग कान गेले असं कसं वाटलं?" ते म्हणाले, "जवळचं येतंच की. टीव्हीचं वरीसभर कमी कमी होत चाललंवतं. म्हटलं, ऱ्हायल्यालं बी गेलं." वर्षभर आवाजाची पट्टी चाळीसवरून साठ, साठवरून नव्वद होत गेली, ती मी बघत होतो. शेजारच्या घरात ऐकू जाईल म्हणून एक-दोनदा कमीही केली होती, त्यांच्यासमोर. ते काही बोलले नव्हते. हेही बोलले नाहीत. मला राहून राहून वाटतं ते याच गोष्टीचं. मला विचारायला त्यांना एक वाक्य पुरलं असतं, आणि तेवढं वाक्य विचारावंसं वाटेल अशी जागा मी घरात ठेवली नव्हती.

टीव्हीखालच्या त्या काळ्या कॉम्प्युटरला आमच्या घरात डबा म्हणतात. एका ऑफिसातून भंगारात निघालेला, जाड पुस्तकाएवढा. त्यावर लिनक्स घातलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम, आणि लिनक्सवर कोडी, टीव्हीवर गाणी-व्हिडिओ लावायचा प्रोग्रॅम. दुकानात मिळणारा तयार बॉक्स घेतला असता तर हे सगळं करावं लागलं नसतं असं पुष्कळांनी सांगितलं. पण डबा बसवण्यामागं कारण होतं, आणि ते कारण चौदा कॅसेटींचं आहे. येरळेकाठच्या आमच्या गावात भजनी मंडळ होतं. आप्पांचे थोरले भाऊ, आमचे दादा, पखवाज वाजवायचे. दर एकादशीला देवळात भजन, आणि आप्पा ट्रक घेऊन गावाकडं असले की टेपरेकॉर्डर खांबाला टेकवून ठेवायचे. १९९८ ला दादा गेले. कॅसेटी राहिल्या. २०१७ च्या दिवाळीत मी टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरला जोडली आणि एकेक कॅसेट वाजवत भरून घेतली. ती घाईत होणारी गोष्टच नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात. आप्पा शेजारी बसून असायचे. मध्येच म्हणायचे, "ह्यो खोकला पाटलाचा."

पुढं ऑगस्ट २०१९. आमचं घर गावभागात. सांगलीत पावसाळ्यात माणूस भेटला की पहिला प्रश्न "आयर्विनला किती फूट?" हाच असतो, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलंय. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आम्ही विश्रामबागला मामांकडं होतो. परत आलो तेव्हा खालच्या कपाटाची दारं फुगून उघडत नव्हती. उघडली तर कॅसेटींच्या डब्यांत गाळ, आणि टेप बाहेर येऊन कपाटाच्या तळाशी काळ्या शेवयांसारखी साचलेली. आप्पांनी एक कॅसेट उचलली, नळाखाली धरली, पेन्सिल घालून फिरवून बघितली. मग ओळीनं सगळ्या पायरीवर मांडून ठेवल्या आणि संध्याकाळी स्वतःच कचऱ्याच्या ट्रॉलीत टाकून आले. हार्ड डिस्क मात्र माझ्या पिशवीत होती. दादांचा पखवाज आता फक्त त्या डब्यात आहे. तो टीव्हीच्या आवाजातून ऐकू येतो आणि दुसऱ्या कुठून येत नाही.

म्हणून त्या रात्री जेवण बाजूला ठेवून मी टीव्हीपुढं बसलो. रीस्टार्ट केला असता तर बहुतेक दोन मिनिटांत आवाज आला असता. ते माझ्या मनातही आलं, हात बटणापर्यंत गेला. पण आप्पा खुर्ची पुढं ओढून शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "डिझेल कुठंपतूर येतंय ते बघ आधी."

हे त्यांचं जुनं वाक्य. पस्तीस वर्षं ट्रक चालवला. मार्केट यार्डातून हळद, गूळ भरून मुंबई, येताना मिळेल ते. गाडी वाटेत बंद पडली की क्लीनर सेल्फ मारमारून बॅटरी उतरवायचा, आणि आप्पा त्याला खाली उतरवून म्हणायचे, टाकीपासनं बघत ये. फिल्टरपाशी नट सैल करायचा, हातपंप मारायचा. बुडबुडे येतात का, का सलग डिझेल येतंय? सलग आलं तर तिथपर्यंत ठीक, पुढं सरकायचं. मग पंप, मग नॉझलचे पाइप एकेक करून. कुठं थांबलंय हे कळलं की काम निम्मं झालं. लहानपणी शाळेच्या सुट्टीत मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेलोय. खंबाटकी घाटाच्या पायथ्याला गाडी उभी करून ते टामीचं, म्हणजे लोखंडी पहारीचं, एक टोक इंजिनाला लावायचे, दुसऱ्या टोकाला कान. टॅपेट वाजतंय का बेअरिंग, हे त्यांना त्या लोखंडातून कळायचं. तेव्हा ते टामीला उजवाच कान लावायचे, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

तर टाकीपासून. कीर्तनाच्या फाइलमध्ये आवाज आहे का? आहे, माझ्या फोनवर वाजतंय. कोडी आवाज पुढं पाठवतंय का? पाठवतंय, आवाजाच्या खिडकीत हिरवी पट्टी बुवांच्या बोलण्याबरोबर वरखाली उड्या मारत होती. ती पट्टी मी आप्पांना दाखवली. "मंग जातोय कुठं?" त्यांनी विचारलं. लिनक्समध्ये आवाजाचे दोन मजले असतात. खाली अल्सा, ते थेट साउंड कार्डाशी बोलतं. वर पाइपवायर, ते कुठल्या प्रोग्रॅमचा आवाज कुठल्या दारातून बाहेर काढायचा ते ठरवतं. आधी खालचा मजला बघितला. अल्सामिक्सर उघडला की उभ्या पट्ट्या दिसतात, आणि पट्टीच्या तळाशी एम-एम असं आलं असेल तर ती वाट बंद आहे. पुष्कळांचा आवाज तिथंच अडकलेला असतो, एम दाबला की सुटतो. आमच्याकडं एचडीएमआयच्या पट्टीखाली शून्य-शून्य होतं, म्हणजे वाट मोकळी. तिथं बुडबुडे नव्हते.

मग टीव्हीचं ओळखपत्र. एचडीएमआयची वायर जोडली की टीव्ही कॉम्प्युटरला आपली माहिती देतो. मी एवढ्या रुंदीचं चित्र दाखवू शकतो, मला दोन वाटांचा आवाज चालतो, अमुक वेगानं चालतो. त्यातला आवाजापुरता भाग लिनक्स एका छोट्या फाइलीत मांडून ठेवतं, आणि ती फाइल कुणालाही उघडून वाचता येते. लिनक्सची मला सगळ्यात जास्त माया वाटते ती यासाठी. तिथं काही झाकून ठेवलेलं नसतं. बॉनेट उघडं असतं. फाइलीत सगळं नीट होतं. टीव्ही हजर, आवाज घ्यायला तयार. म्हणजे टीव्ही कान देऊन बसला होता.

इथं मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एचडीएमआयच्या वायरीत एकोणीस पिना असतात, आणि टीव्हीकडं जाणाऱ्या आवाजासाठी त्यातली एकही वेगळी नाही. चित्र ओळीओळीनं पाठवलं जातं, आणि एक ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत, एक चौकट संपून दुसरी येईपर्यंत, जरा रिकामी जागा सुटते. जुन्या काचेच्या टीव्हीत किरणाला परत ओळीच्या सुरुवातीला यायला वेळ लागायचा, त्या सवयीतून राहिलेली ती जागा. आवाज त्या मोकळ्या जागेत बसून जातो. बुवांचा अभंग, दादांचा पखवाज, सगळं चित्राच्या फटींतून. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे हळदीच्या पोत्यांच्या सापटीत माणूस बसवून न्यावा तसं." अगदी तसंच.

मग वरचा मजला. पाइपवायरच्या सेटिंगमध्ये कार्डाची प्रोफाइल कुठली आहे ते बघितलं, आणि तिथं डिझेल थांबलेलं सापडलं. एचडीएमआयच्या जागी ॲनालॉग होतं. म्हणजे आवाज टीव्हीच्या वायरीत जातच नव्हता. तो डब्याच्या पाठीमागच्या हिरव्या भोकातून बाहेर पडत होता, जिथं स्पीकरची पिन खुपसतात, आणि जिथं आम्ही कधीच काही लावलेलं नाही.

असं का झालं ते मागं जाऊन जुळवलं. लाइट गेली की आप्पा टीव्हीचं बोर्डावरचं बटण बंद करतात. लाइट येताना झटका बसतो, टीव्ही जळतो, हे त्यांनी पुराच्या आधीच्या टीव्हीच्या वेळी बघितलेलं. डब्याचा पॉइंट वेगळा, आणि त्याला मी लाइट आली की आपोआप सुरू व्हायला सांगून ठेवलेलं. परवा लाइट आल्याबरोबर डबा उठला, त्यानं टीव्हीला हाक मारली. टीव्ही बंद. उत्तर नाही. तेव्हा त्यानं ठरवलं की एचडीएमआयकडं कुणी ऐकणारं नाही, आणि आवाज दुसऱ्या दाराला नेऊन लावला. दहा मिनिटांनी आप्पांनी टीव्ही चालू केला. चित्र लगेच धावत आलं. आवाज मात्र ज्या दाराशी नेला होता तिथंच राहिला.

मी मोबाइलचे जुने वायरवाले इअरफोन शोधून आणले आणि डब्याच्या मागं हात घालून त्या भोकात पिन बसवली. कानाला लावले, आणि बुवा बोलत होते. टाळ, पखवाज, माणसांचं हसणं, सगळं. मी इअरफोन आप्पांच्या कानात घातले.

त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. त्यांनी डोळे मिटले. मांडीवरचा हात मघाशी पावलं बघून ठेका धरत होता, तो आता सरळ समेवर पडला. थोड्या वेळानं डोळे न उघडताच म्हणाले, "दोन दीस हितंच वाजत हुतं व्हय?"

प्रोफाइल बदलायला दोन टिचक्या लागतात. पण त्याआधी, डावं-उजवं बरोबर जातंय ना हे बघायला मी स्पीकर-टेस्ट लावला. हा प्रोग्रॅम एकाच कामाचा. आधी डाव्या वाटेनं "फ्रंट लेफ्ट" म्हणतो, मग उजव्या वाटेनं "फ्रंट राइट", आणि पुन्हा पहिल्यापासून. इअरफोन आप्पांच्याच कानात होते. मी विचारलं, "दोन्हीकडं येतंय?"

"एकीकडनंच येतंय."

वायर खराब असेल. मी इअरफोन काढून स्वतःच्या कानाला लावले. लेफ्ट, राइट, लेफ्ट, राइट, दोन्ही स्वच्छ. परत त्यांना दिले. ते लक्ष देऊन ऐकत होते, भुवया आकसलेल्या, टामीला कान लावताना व्हायच्या तशा. उजवीकडं आवाज आला की बोट वर करत होते. डावीकडच्या वेळी बोट खाली. मी इअरफोन उलटे घातले, डावा उजव्यात, उजवा डाव्यात. आता बोट "लेफ्ट"ला वर आणि "राइट"ला खाली. म्हणजे वायर ठीक होती, पिन ठीक होती, डबा ठीक होता. मी आवाज वाढवत नेला. बराच वाढवल्यावर म्हणाले, "हाय जरासं. पर सबूद कळत न्हाय."

रीस्टार्ट केला असता तर हे कळलंच नसतं. दोन मिनिटांत कीर्तन सुरू झालं असतं, आप्पा नव्वदवर आवाज ठेवून बसले असते, आणि मी तो आणखी एकदा कमी केला असता.

रात्री झोप लागली नाही. एकेक गोष्ट आठवत गेली. गेल्या वर्षी आईनं स्वयंपाकघरातून "साखर संपली" म्हटलं आणि आप्पा "करून टाक की मग चार" म्हणाले. त्यांना भाकर ऐकू आलं होतं. आम्ही सगळे हसलो होतो, तेही हसले होते. लग्नाकार्यात पंगतीला ते नेहमी डाव्या टोकाचं पान धरतात, म्हणजे बाकीची माणसं उजवीकडं येतात. दिवाळीत आमची सेकंडहँड गाडी घेऊन आम्ही हरिपूरला संगमेश्वराला निघालो, आप्पाच चालवत होते, आणि गावभागातून वळताना लावलेला इंडिकेटर हरिपूर येईपर्यंत टिकटिकत राहिला. मी वयाकडं बोट दाखवलं. लक्ष राहत नाही म्हटलं, आणि त्यानंतर गाडीची किल्ली माझ्याकडंच राहिली. त्यांनी मागितली नाही.

मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. काचेच्या छोट्या खोलीत आप्पांना बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. बाहेरच्या यंत्रावरून एकेक स्वर सोडत होते, अडीचशे हर्ट्झपासून आठ हजारापर्यंत. ऐकू आलं की बटण दाबायचं. काचेतून मला त्यांचा अंगठा दिसत होता. कागदावर आलेख निघाला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. फुल्यांची रेघ सुरुवातीला जरा बरी चालत होती आणि चार हजारापाशी एकदम खाली गेली होती, घाटातल्या उतारासारखी. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काम कसलं करत होता?" वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या कानात खड्डा पडतो तो बहुतेक तिथंच. जुन्या ट्रकमध्ये इंजिनाचं बॉनेट केबिनमध्येच असायचं, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. त्यावर घोंगडं टाकलेलं असायचं, चहाची किटली गरम राहायला ठेवलेली असायची, सुट्टीत मी त्यावर झोपलोय. आवाज आणि धग दोन्ही तिथून. आणि स, श, त, ख यांचा तीक्ष्ण भाग त्याच उंच स्वरांच्या पट्टीत असतो. म्हणून माणसाचा आवाज येतो पण शब्द कळत नाही. उजवा कानही थोडा उतरलाय. पण डाव्याचं नुकसान भरून येणारं नाही, असं डॉक्टरांनी त्यांच्याकडंच बघून, सावकाश सांगितलं. मला ते आवडलं. माझ्याकडं बघून सांगितलं नाही.

डब्याचं काम मी त्याच आठवड्यात पक्कं केलं. टीव्हीच्या ओळखपत्राची एक नक्कल डब्यातच ठेवून दिली. आता टीव्ही बंद असला तरी डबा तो हजर आहे असं धरून चालतो आणि आवाजाची वाट बदलत नाही. आप्पांना बोर्डावरचं बटण बंद करायची सवय मोडायला सांगितलं नाही. ती सवय बरोबर आहे. खुर्ची मात्र हलवली. आधी ती खिडकीपाशी होती, टीव्हीकडं तोंड केलं की डावा कान पुढं यायचा. आता दुसऱ्या भिंतीला आहे. पट्टी पंचावन्नवर भागते. आईनं कराडहून आल्याआल्या विचारलं, "खुर्ची का हलवली?" आप्पांनीच तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, लाइट गेल्यापासून. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो. कानाचं सांगताना त्यांचा आवाज जरा उतरला, पण सांगितलं.

मागच्या शनिवारी डाव्या कानाला मशीन लावून दिलं, आठ दिवस वापरून बघा म्हणाले. मिरजेहून परत येताना मी चालवत होतो, आप्पा शेजारी, म्हणजे उजवा कान माझ्याकडं आणि नवा कान खिडकीकडं. मिशन हॉस्पिटलच्या चौकातून गाडी वळवली. ते खिडकीबाहेर बघत होते, काही बोलत नव्हते. मशीन टोचतंय का म्हणून विचारावं असं मनात येत होतं. विश्रामबाग मागं पडलं असेल, तेवढ्यात त्यांनी बोटानं डॅशबोर्डवर टकटक केलं.

"इंडिकेटर बंद कर. कवाधरनं वाजतोय."